ताटाच्या कडेचा बोंबील

घरमालकाने चावी पुढे केली, पण लगेच सोडली नाही. एक टोक त्याच्या चिमटीत, दुसरं माझ्या. "एवढंच की ताई, मासळी-मटण घरात शिजवायचं नाही," तो म्हणाला. "सोसायटीचा नियम आहे. मी स्वतः खातो हो. ठाकूरद्वारला आमच्याकडे सोमवार-गुरुवार सोडला तर रोज असतं. पण इथे नको." एवढं सांगून तो हसला, जणू आम्हा दोघांचं काही गुपित ठरलं होतं. मग त्याने चावी सोडली.

ती चावी मी तिथेच त्याच्या अंगावर फेकायला हवी होती. पण माझी अडचण होती. नवरा सैन्यात आहे. त्याची पलटण सीमेवर वर गेली होती, आणि तिथे बायकामुलांना नेत नाहीत. छावणीतला क्वार्टर ठेवता आला असता, बाकीच्या बायका तिथेच राहिल्या. पण त्याच सुमारास आईचे उपचार परळच्या हॉस्पिटलात सुरू झाले. ती बदलापूरला भावाकडे राहत होती. प्रत्येक खेपेला तिकडून येऊन परत जाईपर्यंत तिच्यात जीव उरायचा नाही. म्हणून मी उत्तरेतलं बिऱ्हाड मोडलं आणि परळच्या आसपास घर शोधायला लागले.

दलाल आधी खूश व्हायचे. "फौजी? वा मॅडम, फौजीला कोण नाही म्हणणार?" आणि पुढच्याच वाक्याला, "व्हेज ना?" हिंदमातापासून लालबागपर्यंत, ज्या भागात एके काळी दर संध्याकाळी सगळ्या गॅलऱ्यांतून मासळीचा वास यायचा, तिथे मला हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला की शेवटी मी नवऱ्याचा हुद्दा सांगायचंच बंद केलं. आधी ताटात काय ते सांगायचे आणि मग कोण ते.

शेवटी हे घर मिळालं. ते कुठे होतं, हे सांगितलं तर कुणाला खोटं वाटेल. जिथे माझा जन्म झाला, ती लालबागची चाळ पाडून त्याच जागेवर हा टॉवर उभा राहिला होता. बाबा गिरणीत होते, आणि गिरणी बंद झाल्यावरही आम्ही त्याच खोलीत होतो. चाळ पाडली तेव्हा बदल्यात भावाला या इमारतीत एक फ्लॅट मिळाला. त्याने तो विकला आणि बदलापूरला मोठं घर घेतलं. त्याला मी दोष देत नाही, दोन मुलं होती त्याला. पण आता त्याच जागेत मी भाडेकरू म्हणून राहायला येणार होते, आणि ठाकूरद्वारचा एक माणूस मला तिथे काय शिजवायचं ते सांगत होता.

मी सही केली. आमच्या घरात सही म्हणजे हुकूम. कागदावर जे आहे ते करायचं, आवडो न आवडो. इतकी वर्षं छावणीत राहिल्यावर हे अंगात भिनतं, आणि मग बाहेरच्या जगात माणूस हमखास मार खातो. शेजारच्या फ्लॅटवाल्यांनीही सोसायटीच्या अशाच कागदावर सह्या केल्या होत्या. त्यांच्या बाल्कनीत बांधकाम करायला बंदी होती, आणि त्या बाल्कनीत आज पक्कं स्वयंपाकघर आहे.

ट्रक आला तो सकाळी. आमच्या काळ्या पत्र्याच्या पेट्या उतरल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचं नाव, हुद्दा आणि पलटण लिहिलेली. हमालांनी त्या वर आणून हॉलमध्ये रचल्या आणि ते गेले. मी दार सताड उघडं ठेवलं आणि एका पेटीवर बसून राहिले.

आता ही माझी चूक कुणालाही वेडेपणाची वाटेल. छावणीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. तशी पद्धतच आहे. सामान उतरायच्या आत शेजारून चहाचा थर्मास येतो, दुपारी कुणाच्या तरी घरून जेवणाचे डबे येतात, रात्री तिसऱ्याच घरी बोलावणं असतं. कोण कुठला, काय खातो, कुणी विचारत नाही. आसामात पहिल्या दिवशी मी नागा शेजारणीच्या हातचं डुक्कर खाल्लं, राजस्थानात तमिळ बाईचा सांबार-भात, पठाणकोटला एका सरदारणीचे पराठे. माझ्याकडूनही असे किती डबे गेले असतील. त्यामुळे मी दूध आणलं नव्हतं, चहापत्ती कुठल्या पेटीत आहे तेही मला ठाऊक नव्हतं. उघड्या दारात मी चहाची वाट बघत बसले. लालबागमध्ये.

बऱ्याच वेळाने समोरचं दार उघडलं. एक बाई बाहेर आल्या, पेट्यांवरची अक्षरं त्यांनी नीट वाचली. मी उठून उभी राहिले, तोंडावर हसूही आणलं.

"आर्मी का?" त्या म्हणाल्या. "छान, छान. सेफ वाटतं. तुम्ही नॉनव्हेज बनवत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग प्रॉब्लेमच नाही," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मी खाली जाऊन टपरीवर कटिंग प्यायले.

आमच्या पलटणीतल्या एका अधिकाऱ्याची बदली मध्यंतरी परदेशातल्या वकिलातीत झाली होती. त्याच्या बायकोने तिथे भाड्याने फ्लॅट घेतला तेव्हा घरमालकिणीने तिला विचारलं होतं की तुमच्या मसाल्यांचा वास पडद्यांना तर लागणार नाही. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या जणी हळहळलो होतो. बिचारी, परमुलखात एकटी पडली. टपरीवर उभी असताना मला तिची आठवण आली, आणि स्वतःचंच हसू येऊन संताप आला. टपरीच्या शेजारी मिरची-मसाला कुटायची गिरणी आहे. तिथे मिरची भाजली की अख्खी गल्ली शिंकते, नवव्या मजल्यावर खोकल्याची उबळ येते. त्याबद्दल मात्र कधी कुणाचा ब्र नाही, कारण तो मसाला मुंबईभरची माणसं येऊन नेतात आणि त्यामुळे एरियाचं नाव होतं.

आईला आणलं तेव्हा ती लिफ्टमधून बाहेर येईपर्यंत माझा हात घट्ट धरून होती. घरात शिरल्या शिरल्या तिने खिडकीतून खाली बघितलं, डोळ्यांवर हात धरून.

"हयसर खंयतरी आमचो नळ होतो," ती म्हणाली.

"तो बघ, जिथे गाड्या लावल्यात ना, तिथे."

"आणि जिनो?"

जिन्याचं मला सांगता येईना. मग आम्ही दोघींनी अंदाजाने चाळ पुन्हा उभी केली. इथे पहिली खोली, इथे आपली, इथे ते कोपऱ्यातलं बौद्ध बिऱ्हाड, जिथल्या काकू सुकट इतकी तिखट करायच्या की बाबा खाताना रडायचे आणि तरी दुसरी वाटी मागवायचे. गॅलरीतून चालताना कुणाच्या घरी आज काय आहे ते नाकाला कळायचं. आवडीचं असलं की मुलं त्या दारात ताट घेऊन बसायची.

तिसऱ्या खोलीतला मुलगा तर आमच्याच दारात असायचा. माझ्याहून वर्षभराने लहान. त्याची आई धुणीभांडी करायला दादरला जायची, संध्याकाळी उशिरा यायची. आई बोंबील भाजत असली की तो न बोलावता येऊन उंबऱ्यावर बसायचा. आईने त्याला कधी जेवायला ये असं म्हटल्याचं मला आठवत नाही. ती आपल्या ताटातला बोंबील मधोमध मोडायची आणि अर्धा ताटाच्या कडेला ठेवायची. तो त्याचा. त्याला यायला उशीर झाला तरी तो तुकडा कडेलाच असायचा, आणि माझ्या भावाने हात घातला तर त्याला चापट मिळायची.

तो आता या सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

चाळीतली जी थोडी माणसं फ्लॅट न विकता राहिली, त्यांतला तो एक. मी राहायला आले तेव्हा त्याने मला ओळखलं, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याने नजर चुकवली. मला तो मॅडम म्हणतो. आईला आणलं त्या दिवशी लिफ्टपाशीच तो भेटला. आईने त्याच्याकडे मान वाकडी करून बघितलं.

"तू तिसऱ्या खोलीतलो मां रे?"

"हो, हो, नमस्कार," तो म्हणाला आणि फोन कानाला लावून बाजूला झाला. फोन वाजलाच नव्हता.

"मोठो झालो," आई मला म्हणाली. तिला त्यात काही लागलं नाही. मला लागलं.

ऑगस्टमध्ये तोच माझ्याकडे आला, सोबत कमिटीचे दोघे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन माझ्या हस्ते करायचं त्यांच्या मनात होतं. "सर बॉर्डरवर आहेत, आपण आपल्या सोसायटीचा अभिमान आहात," त्यातला एक म्हणाला. मी नाही म्हणणार होते. पण आईचे डोळे चमकले. म्हणून गेले. जिथे आमचा नळ होता त्याच्या जरा पलीकडे झेंड्याचा खांब होता. दोरी ओढली, राष्ट्रगीत झालं, माझ्या हातात नारळ आला आणि खांद्यावर शाल. चांगली जाड, भगव्या काठाची. भाषणात सेक्रेटरी म्हणाला की जवान तिकडे जागे आहेत म्हणून आपण इथे सुखाने झोपतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या बाईंनी माझ्यासोबत फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला.

आईने ती शाल घडी करून पेटीवर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. येणारं-जाणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर आईची तोंडाची चव गेली. औषधांनी जाते, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ताटात काहीही ठेवलं तरी ती म्हणायची, लोखंड चाटल्यासारखं लागतं. वरण-भात दोन घास, खिमट दोन घास, मग ताट बाजूला. अंगावरची लुगडी ओघळायला लागली, म्हणून मी हिंदमाताला जाऊन तिच्यासाठी सुती गाऊन आणले. तेही मोठे झाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर पुढचे डोस थांबवावे लागतील. जे आवडेल ते द्या, जे मागतील ते द्या, पण खाऊ दे.

तिने एकच गोष्ट मागितली. पेज आणि भाजलेला सुका बोंबील.

"आणते," मी म्हणाले आणि खाली खानावळीत गेले. तिथून बोंबील भाजून, चांगला फॉइलमध्ये गुंडाळून आणला. आईने एक तुकडा तोंडात घातला आणि ताट सरकवलं.

"गार हा."

"गरम करून देते."

"तसा नाय गो." ती म्हणाली. "भाजताना वास येवक व्हयो. वासच नाय, तर ता खावचा कशाक?"

मला कळलं तिला काय हवंय. जिभेला चव नव्हती, नाकाला होती. नाकातून भूक आत शिरली असती. आणि नेमकं तेच सही करून मी देऊन बसले होते.

तरी चार-दोन दिवस मी थांबले. नियम म्हणजे नियम, हे इतकं मुरलेलं होतं. मग एका दुपारी आई पेजेच्या वाटीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून झोपली, तशी मी बाजारात गेले, बोंबील आणले, आणि गॅसवर जाळी ठेवून भाजायला घेतले. शेपटी काळी पडायला लागली आणि धूर वर आला, तशी आत पलंगावर हालचाल झाली. आई उठून बसली होती. मी ताट नेलं. तिने सगळं खाल्लं. वाटीतली पेज बोटाने पुसून खाल्ली. मी तिच्यासमोर बसून बघत होते आणि मला वाटलं, बस, आता ही तरते.

आई हात धुवत होती तेव्हा बेल वाजली. दारात सेक्रेटरी.

"मॅडम, तुमच्याबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे," त्याने सुरुवात केली. "पण कम्प्लेंट आलीय. ग्रुपवर सगळे बोलतायत. वास लिफ्टपर्यंत येतोय."

"आई आजारी आहे. तिला दुसरं काही जात नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी समजतो. पण एकाला परमिशन दिली की सगळे मागतील. फ्लॅटच्या रेटवर परिणाम होतो. ओनरना कळवावं लागेल."

"तुला वास आला?" मी विचारलं.

"अं?"

"तुला. तू आता लिफ्टमधून आलास. तुला वास आला का?"

त्याचा चेहरा जरा हलला. मग तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा, मॅडम," आणि गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या बाईंवर मी एवढी चिडले नव्हते. त्या बिचाऱ्या कधी चाळीत राहिल्या नाहीत, त्यांच्या घरी बोंबील कधी आला नाही, त्यांना तो वास घाण वाटला तर मी समजू शकते. पण हा? याच्या हाडांत आमच्या बोंबलाचं मीठ होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा घेतला तर सांगणार कुणाला.

घरमालकाचा फोन संध्याकाळीच आला. गोड आवाजात त्याने सांगितलं की पुन्हा असं झालं तर त्याला नाइलाजाने घर रिकामं करून घ्यावं लागेल. मागे भांडी वाजत होती आणि कुणीतरी विचारत होतं, कोलंबी वाढू का.

आठवड्याने नवऱ्याचा फोन लागला. तिकडे वर लाइन मिळते तेव्हा मिळते. एरवी मी त्याला सगळं ठीक असल्याचं सांगते, तशीच पद्धत आहे, वर असलेल्या माणसाच्या डोक्याला घोर लावायचा नाही. पण त्या दिवशी मी बोलले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पण सही तू केली होतीस ना?"

"केली होती."

"मग पाळायला हवं. दुसरं घर बघ."

"तू ये आणि बघ दुसरं घर," मी म्हणाले. "मी दाराशी उभी राहून सलाम करते." लाइन कट झाली की त्याने केली, ते मला अजून माहीत नाही.

दुसरं घर मी बघत होतेच. पण आईचे डोस चालू होते, तिला हलवायचं कसं, आणि हलवायचं तर कुठे? पुन्हा तेच दलाल, तोच प्रश्न. तोपर्यंत घर टिकवायचं तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा. मी आईला सांगितलं की बोंबील सध्या बाजारात चांगले येत नाहीत.

 दोन दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, "माका बोंबील नकोच गो आता. मन उडाला." मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो. सेक्रेटरी आला त्या दिवशीचं सगळं तिने आतून ऐकलं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पुन्हा पेजेचे दोन घास, पुन्हा ताट बाजूला.

त्यानंतर एकदा मी औषधं आणायला खाली गेले. दुकानात गर्दी होती, एक औषध मिळेना म्हणून पुढच्या दुकानात जावं लागलं. परत आले, कुलूप उघडलं, दार ढकललं तर ते उघडेना. खालून काहीतरी अडत होतं. जोर लावून आत शिरले. सगळं घर धुराने भरलं होतं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, स्वयंपाकघरातला पंखा बंद. आई गॅसपाशी स्टुलावर बसली होती. एका हाताने ओट्याची कड धरलेली, दुसऱ्या हाताने जाळीवरचा बोंबील उलटत होती आणि खोकत होती. खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर गाऊनची बाही दाबलेली. तो बोंबील मीच आणून डब्यात मागे लपवून ठेवलेल्यातला.

मी खाली बघितलं. दाराच्या फटीत ओली शाल कोंबलेली होती. पंधरा ऑगस्टची. भगवा काठ पाण्याने काळा झाला होता.

"जाड कपडो तोच गावलो," आई म्हणाली. मग घाबरून, "वास भायर गेलो काय गो? तुझी खोली जातली."

 ज्या जागेवर या बाईने तीस-चाळीस वर्षं अख्ख्या गॅलरीला वास जाईल असं शिजवलं, त्याच जागेवर ती चोरासारखी दार-खिडक्या लावून धुरात बसली होती, अंगात उभं राहायची ताकद नसताना. तिला कुणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. फक्त आदराने सांगितलं होतं. मला ते आदराने बोलणारे सगळे आठवले, आणि माझी सहीही आठवली.

मी ती शाल उचलली आणि बाहेर पॅसेजमध्ये फेकली. दार सताड उघडलं, पहिल्या दिवशी उघडलं होतं तसं. खिडक्या उघडल्या. गॅस मोठा करून उरलेले बोंबील जाळीवर टाकले, एकही न ठेवता. मग पेज गरम केली, पेट्यांच्या मधल्या जागेत चटई घातली, आईला धरून आणून बसवलं आणि दोघींची ताटं वाढली.

"दार लाय गो," आई म्हणाली. "लोक बघतत."

"बघंदेत," मी म्हणाले. कित्येक वर्षांत माझ्या तोंडून मालवणी आली नव्हती.

तो आला. यायचाच होता. पॅसेजमधली ओली शाल त्याने आधी बघितली, मग ओलांडली, आणि उंबऱ्याशी उभा राहिला. आईने त्याला बघितलं मात्र, तिचा हात झटकन ताटावर गेला. पाचही बोटं पसरून तिने बोंबील झाकला. ज्या हाताने ती त्याला द्यायची, त्याच हाताने.

ते त्यानेही बघितलं. त्याचे ओठ हलले, मला वाटलं आता काकी म्हणेल.

"मॅडम," तो म्हणाला, "मला लेखी द्यावं लागेल."

"दे," मी म्हणाले. "आणि नीघ."

त्याने लेखी दिलं. पुढच्या महिन्यात आम्ही घर सोडलं. परळच्या एका जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली, जिना असा की आईला खुर्चीत बसवून न्यावं लागायचं. पण हे नंतरचं. त्या दुपारी तो गेला, लिफ्टचं दार लागल्याचं ऐकू आलं, आणि मी आईला म्हणाले, "आये, हात काढ. जेव."

तिने हात काढला. दाराकडे एकदा बघितलं. मग बोंबील उचलून मधोमध मोडला, अर्धा पेजेसोबत खायला घेतला आणि अर्धा ताटाच्या कडेला ठेवला. तिने तो मुद्दाम ठेवला नाही. हाताची सवय होती.

ती जेवून उठली तरी तो तुकडा तिथेच होता. मी ताट उचललं, आणि ओट्याशी उभी राहून तो रागारागाने चावून खाल्ला. त्याचा वाटा मी पहिल्यांदाच खात होते, आणि मला चापट मारायला कुणी उठलं नाही.